आकाशाचे दप्तर : शास्त्रीय नोंदींची व्यवस्था आणि जिम ग्रे यांचे संशोधन

१. परत न येणारा दिवस

तामिळनाडूतील कोडाईकनालच्या डोंगरावर १८९९ साली सौर वेधशाळा उभी राहिली. १९०४ पासून तेथे सूर्याची छायाचित्रे काचेवर घेऊन ती जपून ठेवण्याचा परिपाठ सुरू झाला. वर्षामागून वर्षे गेली, जुने निरीक्षक निवृत्त झाले, त्यांच्या जागी दुसरे आले. परंतु काचांचा संग्रह वाढत राहिला. सूर्यावरील डागांचे अनेक दशकांचे वर्तन आज त्यावरून अभ्यासता येते. ज्यांनी ही छायाचित्रे घेतली त्यांच्या मनातही आले नसतील असे प्रश्न आजचे अभ्यासक त्या काचांना विचारीत आहेत.

प्रयोगशाळेतील एखादा प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. रसायने पुन्हा आणता येतात, उपकरण पुन्हा जुळविता येते. पण १९१० सालच्या एखाद्या सकाळी सूर्यबिंबावर जे दिसले ते पुन्हा पाहावयाचे म्हटले, तर जगातील कोणतीही दुर्बीण ते दाखवू शकणार नाही. तो दिवस गेला. त्याची नोंद तेवढी राहिली. पर्जन्यमान, भूकंप, समुद्राचे तापमान, रोगाची साथ, आकाशातील ताऱ्यांचे तेज या साऱ्यांच्या नोंदी याच जातीच्या होत. नोंद हरवली, की ती घटना विज्ञानाच्या दृष्टीने घडलीच नाही असे होते.

अशी हानी मोठमोठ्या संस्थांकडूनही झालेली आहे. १९६९ साली मानव प्रथम चंद्रावर उतरला, त्या वेळी चंद्रावरून आलेली मूळ दूरचित्रे ज्या चुंबकीय फितींवर नोंदली होती, त्या पुढे पुसून अन्य कामासाठी वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नासा या संस्थेने २००९ साली काढला.

परंतु नोंद केवळ जपली म्हणजे झाले असे नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल सुरक्षित आहेत. तथापि ते कागद मोडी लिपीत आहेत, आणि मोडी वाचणारे आता थोडे. कागद शाबूत असूनही ज्यास लिपी येत नाही त्याच्या लेखी तो मुकाच होय. शिवाय लिपी येत असली, तरी हवा तो कागद कोणत्या रुमालात आहे हे सांगणारी सूची हवी, आणि तेथवर पोहोचण्याचा मार्गही हवा. म्हणजे नोंदीस चार गोष्टी लागतात : ती टिकली पाहिजे, ती सापडली पाहिजे, तिचा अर्थ लागला पाहिजे, आणि ज्याने ती केली नाही अशा परक्या माणसासही तिला प्रश्न विचारता आला पाहिजे.

ज्यास आज सर्रास ‘डेटा’ म्हणतात त्या शास्त्रीय आधारसामग्रीच्या बाबतीत या चार गोष्टी कशा साधावयाच्या, हा संगणकशास्त्राच्या एका शाखेचा विषय आहे. त्या शाखेतील एका प्रसिद्ध संशोधकाच्या कामावरून तो या पुस्तिकेत समजून घेऊ.

२. पेढीच्या खतावणीपासून

जिम ग्रे यांचा जन्म १९४४ साली अमेरिकेत झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतून त्यांनी १९६९ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे आय. बी. एम. या कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत ते ‘सिस्टिम आर’ नावाच्या प्रकल्पात काम करू लागले. माहिती साध्या कोष्टकांच्या रूपाने ठेवावी आणि तिला ठरावीक भाषेत प्रश्न विचारावे, ही एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेली कल्पना प्रत्यक्षात उतरविण्याचे काम या प्रकल्पाने केले. आज जगभर वापरली जाणारी ‘एस. क्यू. एल.’ ही प्रश्नभाषा याच प्रकल्पातून आली.

ग्रे यांनी ज्या प्रश्नाचा विशेष अभ्यास केला, तो पेढीवरील उदाहरणाने सहज समजेल. एका खात्यातून पाचशे रुपये काढून दुसऱ्या खात्यात जमा करावयाचे आहेत. पहिल्या खात्यातून रक्कम वजा झाली, आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वी वीज गेली. आता ते पाचशे रुपये कोठे आहेत? त्याच क्षणी दुसऱ्या कारकुनाने तेच खाते उघडले, तर त्यास कोणती शिल्लक दिसावी? ग्रे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा व्यवहाराचे नियम शास्त्रशुद्ध रीतीने बांधून दिले. व्यवहार पुरता व्हावा, नाही तर मुळीच होऊ नये. एकाच वेळी चाललेल्या दोन व्यवहारांनी एकमेकांत ढवळाढवळ करू नये. आणि एकदा पुरा झालेला व्यवहार नंतरच्या बिघाडाने पुसला जाऊ नये. आज रेल्वेचे आरक्षण आणि बँकेचे देणेघेणे ज्या भरवशावर चालते, त्याच्या पायाशी हे नियम आहेत. या कामाबद्दल ग्रे यांस १९९८ सालचे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. संगणकशास्त्रात याहून मोठा मान नाही.

१९९५ साली ते मायक्रोसॉफ्ट कंपनीत गेले. तेथे त्यांस एक नवी अडचण भासली. प्रचंड आकाराचे संग्रह सांभाळणारी प्रणाली तपासून पाहावयाची तर तितकी प्रचंड आणि सर्वांस खुली अशी सामग्री हवी. व्यापाऱ्यांचे हिशोब गोपनीय, आणि रुग्णांच्या नोंदी त्याहून गोपनीय. १९९८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेच्या भूभागाची हवाई छायाचित्रे ‘टेरासर्व्हर’ या नावाने महाजालावर सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर त्यांची दृष्टी आकाशाकडे वळली. खगोलशास्त्रज्ञांच्या सामग्रीस बाजारात काही मोल नाही, म्हणूनच ती निःसंकोचपणे वाटता येते, असे ते विनोदाने म्हणत.

३. स्लोन यांच्या नावाची आकाशमोजणी

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सुमारे २,८०० मीटर उंचीवर, अपाची पॉइंट नावाची वेधशाळा आहे. तेथील अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीने २००० साली आकाशाच्या एका मोठ्या भागाची पद्धतशीर मोजणी आरंभिली. साहाय्य करणाऱ्या प्रतिष्ठानावरून तिला ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’ हे नाव मिळाले. आपल्याकडील जमीनमोजणीप्रमाणेच हे काम होते. फरक एवढाच, की येथे शेताऐवजी तारे आणि दीर्घिका मोजावयाच्या होत्या.

या दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात तीस प्रकाशसंवेदी पट्ट्या होत्या. सर्व मिळून सुमारे साडेबारा कोटी चित्रबिंदू होत. आकाश कॅमेऱ्यावरून सावकाश सरके, आणि प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश पाच निरनिराळ्या रंगांच्या गाळण्यांखालून एकापाठोपाठ एक जाई. प्रत्येक गाळणीखाली तो ५४ सेकंद राही. याखेरीज ॲल्युमिनियमच्या तबकड्यांस नेमक्या जागी भोके पाडून, त्यांत ६४० प्रकाशतंतू हातांनी बसवून, एका वेळी शेकडो तारकांचे व दीर्घिकांचे वर्णपट घेतले जात.

जून २००१ मध्ये या मोजणीचा पहिला हप्ता प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ कोटी ४० लक्ष वस्तूंची नोंद होती, आणि प्रत्येक वस्तूविषयी सुमारे चारशे निरनिराळी मापे होती. २००८ साली पुऱ्या झालेल्या सातव्या हप्त्यात वस्तूंची संख्या ३५ कोटी ७० लक्ष आणि वर्णपटांची संख्या सुमारे १६ लक्ष झाली. एखादा माणूस सेकंदास एक या वेगाने, न जेवता न झोपता, या वस्तूंच्या नोंदी केवळ चाळू लागला, तर त्यास अकरा वर्षे पुरणार नाहीत.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ अलेक्झांडर सालाय यांच्याकडे या सामग्रीच्या संग्रहाची जबाबदारी होती. प्रकल्पाने प्रथम निवडलेली संग्रहप्रणाली अपेक्षेप्रमाणे उपयोगी पडेना. त्या सुमारास ग्रे आणि सालाय यांची गाठ पडली, आणि त्यांच्या सहकार्यास आरंभ झाला.

४. प्रश्न सामग्रीकडे न्यावा

तोपर्यंत खगोलशास्त्रज्ञांची रीत अशी होती : निरीक्षणाच्या फायली आपल्या संगणकावर उतरवून घ्यावयाच्या, त्या आरंभापासून शेवटपर्यंत वाचणारा कार्यक्रम स्वतः लिहावयाचा, आणि त्यातून उत्तर काढावयाचे. सामग्री थोडी असताना ही रीत सोयीची होती. सामग्री वाढली तेव्हा काय होते, याचा हिशोब वाचकांनी स्वतः करून पाहावा. एक टेराबाइट म्हणजे एक लक्ष कोटी बाइट, अर्थात आठ लक्ष कोटी बिट. सेकंदास दहा लक्ष बिट नेणाऱ्या तारेवरून एवढी सामग्री आणावयाची तर ८० लक्ष सेकंद लागतील. हे सुमारे ९३ दिवस झाले. म्हणूनच त्या काळी वेधशाळेतील निरीक्षणे चुंबकीय फितींवर उतरवून शिकागोजवळील फर्मी प्रयोगशाळेकडे पार्सलाने पाठवीत. ग्रे स्वतःही मोठी सामग्री सहकाऱ्यांकडे पाठवावयाची झाल्यास तबकड्यांनी भरलेला संगणकच टपालाने पाठवीत. तो तारेपेक्षा लवकर पोहोचे.

सामग्री प्रचंड असते, परंतु प्रश्न मात्र लहान असतो. “अमुक बिंदूपासून एक कलेच्या आत असलेल्या सर्व दीर्घिकांची यादी दे” एवढे विचारावयास एक ओळ पुरते, आणि उत्तरही बहुधा एका पानावर मावते. मग सामग्री प्रश्नकर्त्याकडे ओढून आणण्याऐवजी प्रश्नच सामग्रीकडे पाठवावा, तेथेच त्याचा निकाल लावावा आणि उत्तर तेवढे परत आणावे, हे अधिक शहाणपणाचे नव्हे काय? ग्रे यांच्या या क्षेत्रातील कामाचे सूत्र हेच होय.

प्रश्न कोणते येतील हे मात्र आधी ठाऊक हवे. ग्रे यांची पद्धत येथे अनुकरणीय आहे. संगणकाची रचना आखण्यापूर्वी त्यांनी सालाय यांस सांगितले, की खगोलशास्त्रज्ञ या संग्रहास जे प्रश्न विचारतील, त्यांपैकी महत्त्वाचे वीस प्रश्न साध्या भाषेत लिहून द्यावे. पाच प्रश्नांवरून कामाचा आवाका कळत नाही, आणि शंभर मागितले तर महत्त्वाचे व बिनमहत्त्वाचे यांची सरमिसळ होते. या वीस प्रश्नांवरून कोणती कोष्टके हवीत, कोणत्या सूची हव्यात, हे ठरले. सुतार जसा घरात राहणाऱ्यांस विचारून मग दारे-खिडक्यांच्या जागा ठरवितो, तसाच हा प्रकार होता.

त्या वीसांपैकी एक प्रश्न लघुग्रहांचा होता. तारे एकमेकांच्या मानाने स्थिर असतात. लघुग्रह मात्र सरकत असतो. पाच गाळण्यांखालची चित्रे एकामागून एक घेतलेली असल्यामुळे, पहिल्या व शेवटच्या चित्राच्या दरम्यान काही मिनिटे जातात, आणि तेवढ्यात लघुग्रहाची जागा किंचित बदलते. म्हणून तांबड्या चित्रातील स्थान आणि हिरव्या चित्रातील स्थान यांत ठरावीक अंतर असलेल्या वस्तू शोधल्या, की लघुग्रह हाती लागतात. कोट्यवधी ओळींमधून हे उत्तर काढण्यासाठी पूर्वी खास कार्यक्रम लिहिण्यात दिवस गेले असते. नव्या संग्रहात काही ओळींचा प्रश्न लिहिला की काही मिनिटांत उत्तर येऊ लागले.

५. आकाशाचे पिन कोड

एवढे झटपट उत्तर कसे येते? प्रत्येक वेळी सर्व ओळी वाचाव्या लागल्या, तर येणार नाही. जाड ग्रंथातील एखादा शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून वाचीत नाही, शेवटची सूची पाहतो. परंतु आकाशाची सूची करण्यात एक अडचण आहे. अकारविल्हे लावावयास तेथे अक्षरे नाहीत, आणि आकाश हे गोलाच्या आतल्या पृष्ठासारखे असल्यामुळे त्यावर सरळ चौकटी आखल्या तर ध्रुवांपाशी त्या चिंचोळ्या होऊन जातात.

जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी यासाठी त्रिकोणांची योजना केली. प्रथम संपूर्ण आकाशाचे आठ त्रिकोण करावयाचे. प्रत्येक त्रिकोणाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडले, की त्याचे चार लहान त्रिकोण होतात. त्या प्रत्येकाचे पुन्हा चार. दहा वेळा अशी विभागणी केली म्हणजे सुमारे ८४ लक्ष त्रिकोण होतात, आणि त्यांतील एक त्रिकोण पूर्णचंद्राच्या बिंबाच्या साधारण चाळिसाव्या हिश्श्याएवढा असतो. प्रत्येक विभागणीच्या वेळी मूळ त्रिकोणाच्या क्रमांकापुढे एक अंक जोडावयाचा. यामुळे ज्या ताऱ्यांच्या क्रमांकांचे आरंभीचे अंक सारखे, ते एकाच मोठ्या त्रिकोणातील, हे क्रमांक पाहताच कळते.

भारतात १९७२ पासून चालू असलेला सहा अंकी पिन कोड याच तत्त्वावर रचलेला आहे. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो, पुढचे अंक क्रमाने लहान प्रदेश दाखवीत जातात, आणि अखेरचे अंक नेमके टपाल कार्यालय सांगतात. टपाल निवडणारा प्रथम पहिला अंक पाहून पिशवी ठरवितो. त्यास देशातील सर्व गावांची नावे पाठ असावी लागत नाहीत. त्याचप्रमाणे, विचारलेला बिंदू ज्या त्रिकोणांत येतो तेवढेच संगणक उघडतो, आणि उरलेल्या आकाशाकडे ढुंकूनही पाहत नाही.

६. सेवा : संग्रहांचे परस्परांशी बोलणे

येथवर एका संग्रहाचा विचार झाला. परंतु आकाशाची मोजणी एकाच दुर्बिणीने होत नाही. एक दृश्य प्रकाशात पाहते, दुसरी अवरक्त किरणांत, तिसरी रेडिओ लहरींत. एकच वस्तू तिघींनी पाहिलेली असते, आणि तिघींच्या साक्षी एकत्र आल्या तरच तिचे स्वरूप उलगडते. आता हे तीन संग्रह तीन शहरांत, तीन जातींच्या संगणकांवर, तीन प्रकारच्या कोष्टकांत ठेवलेले. त्यांस एकाच प्रश्नाचे उत्तर मिळून कसे द्यावयास लावावे?

या ठिकाणी महाजालावरील सेवांची कल्पना उपयोगी पडते. महाजालावरील सामान्य पान माणसाने डोळ्यांनी वाचावयाचे असते. सेवा मात्र एका संगणकाने दुसऱ्या संगणकाशी बोलण्यासाठी असते. मागणी कोणत्या नमुन्यात करावी, उत्तर कोणत्या नमुन्यात येईल, हे आधी जाहीर केलेले असते. आत कोणता संगणक आहे, त्याची कोष्टके कशी आहेत, याच्याशी विचारणाऱ्यास कर्तव्य नसते. रेल्वेचे तिकीट काढणाऱ्या प्रवाशाचेच पाहा. त्याची गाडी वाटेत दोन-तीन विभागीय रेल्वेंच्या हद्दींतून जाते. पण त्यास एकच अर्ज भरावा लागतो. विभागांचा आपसातील हिशोब विभागांनी ठरलेल्या नियमांनी मिटवावयाचा असतो.

ग्रे व सालाय यांनी २००१ साली एका लेखात अशी कल्पना मांडली, की जगातील सर्व आकाशसंग्रह या रीतीने जोडले, तर ते सर्व मिळून एक विश्वव्यापी दुर्बीण होईल. तीवर ढगांचा वा दिवसाच्या उजेडाचा परिणाम होणार नाही, आणि तिच्याशी बसण्यासाठी डोंगर चढावा लागणार नाही. पुढे जॉन्स हॉपकिन्स येथे तनू मलिक, तमास बुडावारी, अनि ठाकर आदी संशोधकांनी त्यांच्यासह ‘स्कायक्वेरी’ नावाची प्रणाली रचली. दृश्य प्रकाश, अवरक्त व रेडिओ अशा तीन मोजण्यांचे संग्रह तिने जोडले.

तिची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. प्रश्न आला, की ती प्रथम प्रत्येक संग्रहास एवढेच विचारते : तुमच्याकडे या भागात किती वस्तू आहेत? ज्याच्याकडे सर्वांत थोड्या, त्याच्यापासून कामास आरंभ होतो. त्याची छोटी यादी दुसऱ्या संग्रहाकडे जाते. तो आपल्या नोंदींशी ती ताडून जुळणाऱ्या तेवढ्या ठेवतो आणि तिसऱ्याकडे पाठवितो. अशा रीतीने तारेवरून कमीत कमी सामग्री वाहिली जाते. जुळणी हीदेखील सोपी बाब नव्हे. एकाच ताऱ्याचे स्थान दोन दुर्बिणींच्या मापात विकलेच्या काही अंशाने वेगळे येते. म्हणून ‘दोन्ही स्थाने तंतोतंत एक आहेत काय’ असे विचारून चालत नाही; ‘दोन्ही मापांतील संभाव्य चूक ध्यानात घेता, ही एकच वस्तू असण्याचा संभव किती’ असे विचारावे लागते.

यास्तव मापाबरोबर त्याची संभाव्य चूक, त्याचे एकक, ते केव्हा व कशाने घेतले, ही माहिती लिहिणे अगत्याचे ठरते. या माहितीवाचून आकडा हा निव्वळ आकडा राहतो. सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचलेले अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान नष्ट झाले; कारण एका गटाचे आकडे ब्रिटिश एककांत होते आणि दुसऱ्याने ते मेट्रिक एककांत समजले. आकडे बरोबर होते. त्यांचा अर्थ सोबत गेला नव्हता.

आणखी एक नियम स्लोन मोजणीने पाळला. नवा, सुधारलेला हप्ता प्रसिद्ध झाला तरी जुना हप्ता पुसला नाही. जुन्या आकड्यांवरून कोणी निबंध लिहिला असेल, तर त्याची फेरतपासणी करणाऱ्यास तेच आकडे मिळाले पाहिजेत. पेढीच्या खतावणीत चूक झाली तर ती खोडून टाकीत नाहीत, दुरुस्तीची नवी नोंद करतात. त्यातलेच हे तत्त्व होय.

७. परक्याची नजर

जून २००१ मध्ये स्लोन मोजणीचा संग्रह ‘स्कायसर्व्हर’ या नावाने महाजालावर खुला झाला. तो केवळ शास्त्रज्ञांसाठी नव्हता. शाळेतील मुलांसाठी धडेही त्यात घातलेले होते. ज्या कोष्टकांतून विद्वान निबंध लिहीत, त्याच कोष्टकांना शाळकरी मुलगाही प्रश्न विचारू शके.

हे औदार्य निष्फळ ठरले नाही. जुलै २००७ मध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी या मोजणीतील सुमारे नऊ लक्ष दीर्घिकांची चित्रे ‘गॅलॅक्सी झू’ या नावाने सर्वसामान्य लोकांपुढे ठेवली, आणि प्रत्येक दीर्घिका सर्पिल आहे की लंबवर्तुळाकार, एवढेच सांगावे अशी विनंती केली. पहिल्या वर्षात दीड लक्षाच्या आसपास लोकांनी पाच कोटींहून अधिक उत्तरे दिली. त्याच वर्षी हॉलंडमधील हॅनी व्हॅन आर्केल या शाळाशिक्षिकेस एका दीर्घिकेजवळ एक चमत्कारिक डाग आढळला, आणि हे काय आहे, अशी तिने विचारणा केली. शास्त्रज्ञांनाही उत्तर ठाऊक नव्हते. पुढील निरीक्षणांवरून तो प्रचंड वायुमेघ असल्याचे दिसून आले. शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यात पूर्वी प्रखर क्वेसार होता. तो मंदावला, तरी त्याच्या जुन्या प्रकाशाने हा मेघ अद्याप उजळलेला आहे, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. चित्र कित्येक वर्षे संग्रहात पडून होते. ते पाहून प्रश्न विचारणारा डोळा मात्र वेधशाळेबाहेरचा निघाला.

८. आपल्या देशात

या कार्यात भारताचाही वाटा आहे. निरनिराळ्या देशांच्या आकाशसंग्रहांनी समान नियम पाळावे, यासाठी जून २००२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि भारत तीत सहभागी झाला. पुणे येथील आयुका ही संस्था आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स ही पुण्याचीच कंपनी यांनी मिळून ‘व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया’ हा प्रकल्प चालविला. सर्वसंमत नमुन्यातील कोष्टकांवरून आलेख काढणारे ‘व्हीओप्लॉट’ हे साधन या प्रकल्पाने तयार केले.

पुणे जिल्ह्यातील नारायणगावाजवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी. एम. आर. टी. ही रेडिओ दुर्बीण आहे. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशाची मोठी मोजणी केली. तिची मूळ सामग्री संग्रहात जपलेली होती. काही वर्षांनी हुइब इंटेमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नव्या पद्धतीने पुन्हा तपासली, आणि २०१७ साली सुमारे ६ लक्ष २० हजार रेडिओ-स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. आकाशाचा जवळजवळ नऊ-दशांश भाग तीत येतो. दुर्बीण एकदाही न फिरविता हे साधले, कारण नोंद टिकली होती व वाचता येत होती. कोडाईकनालच्या काचांचेही आता अंकीय चित्रांत रूपांतर करण्यात आले आहे, आणि जे पाहण्यास पूर्वी डोंगर चढावा लागे ते अभ्यासकास आपल्या गावी बसून पाहता येते.

आपल्यासारख्या देशास या विषयाचे महत्त्व विशेष आहे. मोठी दुर्बीण प्रत्येक महाविद्यालयास परवडणार नाही. परंतु संग्रह खुला असेल, तर रायपूरच्या, गुलबर्ग्याच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्यासही तोच प्रश्न विचारता येतो, जो बाल्टिमोरचा प्राध्यापक विचारतो. उलट, आपल्याच शेतांच्या, नद्यांच्या व रुग्णालयांच्या नोंदी आपण एकक न लिहिता, तारीख न घालता, बंद कपाटात ठेवल्या, तर उद्याच्या अभ्यासकाचा तो आपण केलेला तोटा होईल, आणि तो भरून काढता येणार नाही.

९. उपसंहार

ग्रे यांनी जानेवारी २००७ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात असे प्रतिपादन केले, की विज्ञान प्रथम निरीक्षण व प्रयोग, मग सिद्धान्त, मग संगणकावरील अनुकरण या मार्गांनी चालत आले. आता सामग्रीच्या शोधनाचा चौथा मार्ग त्यास मिळाला आहे. त्याच महिन्याच्या २८ तारखेस ते आपल्या आईच्या अस्थी समुद्रात विसर्जित करण्यासाठी एकटेच शिडाची नौका घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून फॅरेलॉन बेटांकडे गेले, आणि परतले नाहीत. त्यांच्या मित्रांनी उपग्रहांकरवी समुद्राची चित्रे घेतली, त्यांचे लहान लहान तुकडे महाजालावर ठेवले, आणि हजारो अनोळखी माणसांनी ते एकेक करून न्याहाळले. नौका सापडली नाही. मोठी सामग्री खुली करावी आणि ती अनेकांच्या नजरेखालून जाऊ द्यावी, ही त्यांचीच रीत त्यांच्या शोधासाठी वापरली गेली.

चिलीमधील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली चित्रे प्रसिद्ध केली. तेथील कॅमेरा एका रात्री सुमारे वीस टेराबाइट सामग्री देईल, अशी योजना आहे. ती साठविण्यास यंत्रे मिळतील. परंतु ती नीट लावणे, तिचा अर्थ तिच्यासोबत ठेवणे आणि परक्यासाठी दार उघडे राखणे, हे काम माणसांनीच करावयाचे आहे. वाचकांपैकी जे विद्यार्थी आज प्रयोगवहीत एखादे माप लिहीत असतील, त्यांनी त्यापुढे एकक, तारीख व उपकरणाचे नाव लिहावे. या शास्त्राचा पहिला धडा तोच आहे.

विचारार्थ प्रश्न

१. तुमच्या शाळेत किंवा गावात पर्जन्यमानाची नोंद ठेवली जाते काय? पन्नास वर्षांनी एखाद्या परक्या अभ्यासकास ती समजावी, यासाठी तीत कोणती माहिती जोडावी लागेल?

२. सेकंदास दहा कोटी बिट नेणाऱ्या तारेवरून एक टेराबाइट सामग्री आणण्यास किती तास लागतील?

३. आकाशाच्या आठ त्रिकोणांची पाच वेळा विभागणी केल्यास एकूण किती त्रिकोण होतील?

४. तुमच्या गावातील ग्रंथालयाची सूची नव्याने करावयाची आहे. वाचक विचारतील असे वीस प्रश्न प्रथम लिहून काढा, आणि त्यांवरून सूचीत कोणते रकाने हवेत ते ठरवा.